शेपटीचा रंग कोणता?

दिवाळीच्या सुट्टीत माझी सहा वर्षांची भाची पुण्याहून आमच्याकडे रत्नागिरीला आली, ती फराळाच्या डब्याबरोबर रंगवायच्या चित्रांची एक चवड घेऊनच. बहिणीने घरच्या प्रिंटरवर छापून दिलेले कागद, आणि सगळ्यांवर मत्स्यकन्या. खडकावर बसलेली, आरशात बघणारी, मुकुट घातलेली, डॉल्फिनच्या गळ्यात हात टाकलेली. पहिल्याच दुपारी पडवीत पालथी पडून भाचीने तेलखडूंची पेटी उघडली आणि मान वर न करता विचारलं, ‘‘मावशी, शेपटीचा रंग कोणता असतो गं?’’

‘हिरवा’ हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. पंधरा वर्षं लहान मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतल्यावर असली उत्तरं सवयीनेच बाहेर पडतात. पण पान हिरवं, कावळा काळा हे सांगताना निदान आपण ती वस्तू पाहिलेली असते. मत्स्यकन्येची शेपटी मी पाहिली होती कुठे? डिस्नेच्या १९८९ सालच्या सिनेमात. तिथल्या एरियलचे केस लाल आणि शेपटी हिरवी. रंगचक्रात हे दोन रंग समोरासमोर येतात आणि शेजारी ठेवले की एकमेकांना उठाव देतात, तेव्हा जोडी झकासच आहे. पण ती कुणीतरी केलेली निवड. माझ्या भाचीला ती बंधनकारक का असावी? मी म्हटलं, ‘‘मला नाही माहीत. तू पाहिलीयस का?’’

ती उठून बसली. ‘‘कोण्णीच नाही पाहिलेली,’’ ती म्हणाली, आणि पेटीतल्या सगळ्या खडूंकडे पहिल्यांदाच नीट बघायला लागली.

रंगभरणाचा विषय निघाला की पालक ‘एकाग्रता’ आणि ‘सर्जनशीलता’ हे दोन शब्द एका दमात उच्चारतात. जणू वड्याबरोबर पाव यावा तशी एकीबरोबर दुसरी येतेच. माझा अनुभव तसा नाही. छापील चित्र एकाग्रतेला चांगला हात देतं. सर्जनशीलतेला ते आपणहून काहीही देत नाही, आणि नुसतं भरत बसवलं तर असलेलीही आटते. मत्स्यकन्येचं चित्र यात थोडं वेगळं पडतं ते एवढ्याचसाठी, की तिचा खरा रंग कुणालाच ठाऊक नाही. मोठ्या माणसाला तिथे चूक काढता येत नाही.

आधी एकाग्रतेचं बघू. त्या दिवशीच्या चित्रातल्या शेपटीवरचे खवले मी मोजले, ६३ भरले. कौलांसारखे एकावर एक चढवलेले, वरच्या दोहोंच्या सांध्याखाली खालच्या ओळीतला एक. सहा वर्षांच्या मुलीला ‘पंधरा मिनिटं एका जागी बस’ म्हटलं तर ती बसणार नाही. खवला मात्र दहा-बारा सेकंदांत भरून होतो, भरला की भरलेला दिसतो, आणि त्याच्या शेजारचा रिकामा लगेच डोळ्यांत येतो. काम लहान, शेवट समोर, पुढचं पाऊल न सांगता कळणारं. वाती वळताना, मोदकाला कळ्या पाडताना, वाटाणे सोलताना मोठ्या माणसांची तंद्री लागते ती अशीच. भाचीने दुसऱ्या ओळीपासून एक निळा, एक जांभळा असा क्रम धरला. चौथ्या ओळीत तो चुकला तेव्हा ‘अरेच्चा’ म्हणून तिने बोट ठेवून मागची ओळ तपासली. मी काही बोलले नव्हते. सगळा वेळ ती पाय हवेत हलवत होती, मध्येच कसलंसं गाणं गुणगुणत होती. एकाग्र मूल म्हणजे पुतळा झालेलं मूल, असं ज्यांना वाटतं त्यांना ती चंचल वाटली असती.

मारिया माँटेसरींच्या साधनांमध्ये धातूच्या चौकटींचा एक संच असतो. वर्तुळ, त्रिकोण, लंबगोल असे आकार. मूल काठाने पेन्सिल फिरवून आकार काढतं आणि मग रंगीत पेन्सिलीच्या रेघांनी आतली जागा भरतं. सुरुवातीला रेघा काठाबाहेर पळतात, पुढे पुढे काठाशी येऊन थांबायला लागतात. चित्रकला शिकवणं हा त्यामागचा हेतूच नव्हता, हात लिहिण्यासाठी तयार करायचा होता. ‘रेषेच्या आत रंग भर’ या सूचनेचं मोल तेवढंच आहे, बोटांना लगाम. आपण मात्र त्या रेषेला भलताच नैतिक अर्थ चिकटवतो. ‘बाहेर गेलाऽऽ!’ हे वर्गात अशा सुरात म्हटलं जातं की रंग नव्हे, पोरच घर सोडून गेलं असावं.

बोटांचा विषय निघालाच आहे तर तुटके खडू फेकू नका. लांब खडू लहान मूल मुठीत पकडतं. इंचभर तुकडा मुठीत मावून निसटतो, तो अंगठा आणि दोन बोटांतच धरावा लागतो. पेन्सिलीची पकडही तीच. आमच्या वर्गात मी नवे खडूसुद्धा मोडून देते. नवी पेटी आणणाऱ्या पालकांना त्याचा राग येतो, पण तो दोन आठवड्यांत निवळतो.

‘तू ऐकतेयस की रंगवतेयस?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. २००९ साली जॅकी अँड्रेड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ४० जणांना फोनवरचा एक लांबलचक, कंटाळवाणा निरोप ऐकवला, त्यात पार्टीला कोण येणार, कोण नाही अशी नावं होती. निम्म्यांच्या समोर छापलेले चौकोन आणि वर्तुळं ठेवून, ऐकता ऐकता ती भरायला सांगितलं. नंतर विचारल्यावर आकार भरणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त तपशील आठवले. ही मंडळी मोठी होती हे खरं, पण कारण ओळखीचं आहे. रटाळ वेळी मन दिवास्वप्नांत निघून जातं, हाताला हलकंसं काम असलं तर ते आसपासच रेंगाळतं. आजीच्या हातात जपमाळ किंवा विणकाम असताना तिला घरातलं सगळं कसं ऐकू यायचं, ते आठवून पाहा.

म्हणून आमच्याकडे दुसऱ्या दुपारपासून रंगवणं आणि गोष्ट एकत्र सुरू झालं. माझी आई खुर्चीत, भाची जमिनीवर. आईने मत्स्यगंधेची गोष्ट काढली. माशाच्या पोटी जन्मलेली, धीवरांच्या राजाने वाढवलेली, यमुनेत होडी चालवणारी मुलगी. अंगाला माशाचा वास येतो म्हणून मत्स्यगंधा, आणि पराशर ऋषींच्या वराने तोच वास जाऊन योजनभर दरवळणारा सुगंध आला म्हणून योजनगंधा. (माझ्या आईच्या तोंडी ही गोष्ट कानेटकरांच्या १९६४ सालच्या नाटकामुळे जास्त आहे की महाभारतामुळे, हे विचारण्यात अर्थ नाही.) भाचीने एकदाही मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी आईने तीच गोष्ट सांगताना होडी गंगेत घातली, तर जमिनीवरून आवाज आला, ‘‘आजी, यमुना.’’

आता दुसरी बाजू. व्हिएन्नातून अमेरिकेत गेलेले कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड रंगवह्यांचे कट्टर विरोधक होते. १९४७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाने जगभरच्या चित्रकला शिक्षकांच्या दोन-तीन पिढ्या घडवल्या. त्यात पक्ष्याचं एक उदाहरण येतं. मूल आधी स्वतःचा पक्षी काढतं, वेडावाकडा पण त्याचा. मग त्याला छापील पक्षी रंगवायला देतात. त्यानंतर कोरा कागद दिला की मूल छापील पक्ष्याची नक्कल काढतं, त्याचा स्वतःचा पक्षी उडून गेलेला असतो. हे मी वर्गात इतक्यांदा पाहिलं आहे की लोवेनफेल्डांशी वाद घालायची माझी हिंमत नाही. त्याहून वाईट म्हणजे, ‘मला नाही येत, तुम्ही काढून द्या, मी रंगवतो’ हे वाक्य. पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडी ते आलं की समजावं, रंगवह्या जरा जास्तच झाल्या.

तरीही मी त्यांच्यासारखी सरसकट बंदी घालणार नाही. कोऱ्या कागदाचीही एक भीती असते. २००५ साली नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आधी भीतीदायक आठवण लिहायला लावली, मग २० मिनिटं रंगवायला बसवलं. काहींना गोल मंडल, काहींना चौकटींची नक्षी, काहींना कोरा कागद. आराखड्यात रंग भरणाऱ्यांची बेचैनी कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. जिना चढताना कठडा असावा तशी छापील रेषा. प्रश्न इतकाच, की कठडा संपतो तिथे मुलाला पुढे चालू द्यायचं की नाही.

मी त्यासाठी एक लबाडी करते. चित्राची झेरॉक्स काढताना खालच्या अर्ध्या भागावर पांढरा कागद ठेवते. हाती येते ती कमरेपर्यंतचीच मत्स्यकन्या, शेपटी गायब. मुलं आधी तक्रार करतात, ‘चित्र खराब आलंय’. मग कुणीतरी शेपटी काढतं, आणि दहा मुलांच्या दहा तऱ्हा होतात. एकाने झुरळासारखे सहा पाय काढले होते. शेपटी काढायची म्हटलं की एक खरा प्रश्नही उभा राहतो, आडवी की उभी? माशाच्या शेपटीचा पंखा उभा असतो आणि ती डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची आणि डॉल्फिनची आडवी, वर-खाली हलणारी. छापील चित्रांत मत्स्यकन्येला बहुतेक वेळा खवले माशाचे आणि शेपूट देवमाशाचं असतं. हे एकदा सांगितलं की सात-आठ वर्षांची मुलं चित्रकाराच्या चुका काढायला पुढे सरसावतात. छापील गोष्टीत चूक काढता येते हे कळणं मला फार मोलाचं वाटतं.

कारण ही बाई मुळातच ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या समजुतीप्रमाणे जोडून घेतलेली आहे. हान्स ख्रिस्तियन अँडरसनने १८३७ साली तिची गोष्ट लिहिली ती शेवटी लग्न होऊन सुखी होणारी नव्हेच. पण त्या गोष्टीत समुद्रतळाशी प्रत्येक राजकन्येला बागेचा एकेक वाफा मिळतो, आणि धाकटी आपला वाफा सूर्यासारखा गोल करून त्यात फक्त सूर्यासारखी लाल फुलं लावते, हा तपशील मुलांना सांगितला की कागदाच्या रिकाम्या कडा आपोआप भरतात. कोपनहेगनच्या बंदरात १९१३ साली बसवलेला तिचा ब्राँझचा पुतळा जेमतेम सव्वा मीटर उंचीचा आहे आणि त्याला चक्क दोन पाय आहेत, फक्त खाली जाऊन त्यांचे पर होतात. त्या पुतळ्यावरही लोकांनी वेळोवेळी रंग ओतला आहे. २०१७ साली फेरो बेटांवरच्या देवमाशांच्या शिकारीच्या निषेधार्थ तिला लाल करून ठेवलं होतं. थायलंडच्या रामकथेत ती रावणाची मुलगी होते, सेतू मोडायला येते आणि हनुमानाच्या प्रेमात पडते. कोलंबसाने तर १४९३ साली कॅरिबियन समुद्रात तीन जलपऱ्या पाहिल्याची नोंद केली आणि त्या चित्रात दाखवतात तितक्या सुंदर नाहीत, अशी तक्रारही. त्या बहुधा मॅनाटी असाव्यात, म्हणजे आपल्या मन्नारच्या आखातात आणि अंदमानात समुद्रगवत चरणाऱ्या डुगाँगच्या चुलत बहिणी. राखाडी, जाड, मिशाळ. भाचीला डुगाँगचा फोटो दाखवला तर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘हिला मुकुट चांगला दिसेल.’’

एवढी मोकळीक असलेला विषय आपण स्पर्धेत नेऊन घालतो. गणेशोत्सवात एका सोसायटीच्या रंगभरण स्पर्धेला मी परीक्षक होते. जलपरीचं एकच छापील चित्र, वेळ एक तास. चाळीसेक कागद आले आणि त्यातल्या तीसेकांवर केस लाल, शेपटी हिरवी, पाणी निळं, कडेला काळ्या स्केचपेनने गिरवलेली रेघ. पालक कठड्याबाहेर उभे राहून खुणा करत होते. एका मुलीने पाणी नारिंगी केलं होतं; संध्याकाळ आहे म्हणाली. आयोजकांच्या मते तिला ‘उत्तेजनार्थ’ द्यायला हरकत नव्हती. मराठीत शेवटच्या बक्षिसाला आपण उत्तेजनार्थ म्हणतो, याची मला दरवर्षी गंमत वाटते, कारण बक्षिसाने उत्तेजन मिळतं हे गृहीतकच कच्चं आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत, आवडीने स्केचपेनने चित्रं काढणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत की सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच स्केचपेनं वर्गात सहज ठेवली, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं त्यांच्याकडे इतरांच्या साधारण निम्माच वेळ फिरकली. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही परीक्षकांना इतरांपेक्षा डावी वाटली. खेळाचं काम झालं, आणि काम संपलं की कोण कशाला करेल?

नारिंगी पाण्याला मी पहिलं बक्षीस द्यावं म्हणून बरीच हुज्जत घातली. दुसरं मिळालं. पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही.

कौतुक करूच नये असं नाही. पण ‘वा, किती सुंदर!’ हे पुढे कुठेच जात नाही. ‘इथे जांभळा का थांबवलास?’, ‘हिच्या शेजारी कोण राहतं?’ असं काही विचारलं की मूल पुन्हा कागदात शिरतं. शेजारी कोण, या प्रश्नावर भाचीने मत्स्यकन्येच्या मागे समुद्राखालचं रिक्षा स्टँड काढलं. रिक्षा कासवं ओढत होती आणि एक कासव जवळचं भाडं नाकारत होतं. पुण्याची मुलगी.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मी मिरकरवाड्याला जाऊन सकाळचे ताजे बांगडे आणले आणि साफ करण्याआधी एक ताटलीत ठेवून खिडकीपाशी नेला. ‘‘याचा रंग सांग.’’ भाचीने लांबूनच सांगून टाकलं, ‘‘राखाडी.’’ मी ताटली थोडी कलती केली. पाठ निळसर हिरवी झाली, मोरपिसाकडे झुकणारी, आणि तिच्यावर शाईने ओढाव्यात तशा काळपट रेघा. मधल्या अंगावर सोनेरी झाक. पोट पांढरं. पराखाली एक काळा ठिपका. ती एकेक रंग मोठ्याने म्हणत होती आणि बोटाने दाखवत होती. तिसऱ्या रंगापर्यंत बोट माशाला टेकलंही. मी सांगितलं, वरून बघणाऱ्या पक्ष्याला गडद पाठ खोल पाण्यात मिसळून जाते, आणि खालून बघणाऱ्या मोठ्या माशाला पांढरं पोट उजेडात. तिने ताटली डोक्यावर धरून खालून बघून घेतलं. पाणी माझ्या साडीवर.

मग ती चंदेरीवर अडली. पेटीत चंदेरी खडू होता, तो घासला तर शिशासारखा मठ्ठ राखाडी उमटला. माशाचा चंदेरी हा मुळात रंगच नाही. कातडीत आणि खवल्यांत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे पातळ स्फटिक असतात, आरशाच्या कपच्यांसारखे, त्यांच्यावरून उजेड उलटतो. आरसा खडूने कसा काढायचा? मला उत्तर माहीत होतं आणि मी जीभ चावून गप्प बसले. तिने आधी पांढरा घासला, मग त्यावर राखाडी, मग वैतागून कागद उलटा केला. शेवटी मत्स्यकन्येच्या पोटाकडची खवल्यांची एक ओळ तिने तशीच कोरी सोडली आणि दोन्ही बाजूंना गडद निळा दाबून भरला. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. कोरा कागद चमकत होता.

उरलेल्या शेपटीवर तिने बांगड्याच्या पाठीवरच्या रेघा मोजून ओढल्या, पराखालचा काळा ठिपकासुद्धा विसरली नाही, आणि तो मत्स्यकन्येच्या काखेत दिला. मधूनमधून माशाला हात लावून रंग पुन्हा पाहत होती आणि त्याच हाताने खडू उचलत होती. तेवढ्यात आई आतून म्हणाली, चित्र झालं असेल तर तो बांगडा द्या इकडे, तिखल्याला आधण आलंय, तिरफळं घालायची आहेत.

दोन दिवसांनी पुण्याहून बहिणीचा फोन आला. दप्तर आवरताना चित्रांची घडी सापडली होती. ‘‘अगं, कसला वास येतोय या कागदाला? टाकून देऊ का?’’ मागून भाचीचा आवाज ऐकू आला, ‘‘टाकू नकोस, तो तिचाच आहे!’’